लॉटरी सरांचं हळदीकुंकू

अन्याय झाला तो सुनंदावर. कधी, तेही नीट सांगते: दोन पेरण्यांपूर्वी, पेरणीच्या पहिल्या सकाळी, नारळ फुटून झाल्यावर, पेरणीयंत्राच्या पेटीत बियाण्याची पहिली मूठ टाकायच्या क्षणी. वावर सुनंदाचं. नवरा मोटारीचा शॉक लागून गेला तेव्हापासून सातबाऱ्यावर नाव तिचं. सोयाबीनचं बियाणं तिनं स्वतः निवडलेलं, ओल्या पोत्यात गुंडाळून उगवण पाहिलेलं. तिनं मूठ भरली, हात पुढे केला, आणि तिचा धाकटा दीर सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनी, तुमी हात मांगं घ्या."

शिवी नाही, आवाज नाही. ट्रॅक्टरवाला खाली पाहत राहिला. सुनंदानं मूठ परत पोत्यात सोडली आणि पदराला हात पुसला. मग गोदामाय पुढे आली. गोदामाय म्हणजे आमच्या गावातला लक्ष्मीचा हात. पेरणी असो, पायाभरणी असो, नवी म्हैस दाव्याला बांधायची असो, पहिला हात तिचा. तिचं भाग्य काय, तर नवरा जिवंत आहे. त्या नवऱ्यानं तिला जन्मात कोणतं सुख दिलं, हे मात्र कोणी विचारत नाही.

मी तिथेच उभी होते. आणि नारळ ज्यांनी फोडला ते आमचे घरमालक होते.

गाव त्यांना लॉटरी सर म्हणतं. मी नुसतं सर म्हणायचे. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. आमचं गाव मंगरूळपीरहून जीपनं जवळ. त्यांच्या घराच्या समोरच्या खोलीत मी भाड्यानं राहायचे आणि तिथूनच आमच्या मंडळाचं काम चालायचं. काम म्हणजे सभा घेणं, पत्रकं काढणं, तहसीलवर जाऊन बसणं. त्या वर्षी आमची मोहीम लॉटरी आणि मोबाइलवरच्या आकड्यांच्या खेळांविरुद्ध होती. ऊसतोडीची उचल घेऊन आलेला माणूस ती उचल घरी न नेता फोनवर घालवतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे लॉटरीबद्दल माझं मत तेव्हाही साफ होतं आणि आजही आहे: गरिबाच्या खिशाला पाडलेलं ते भोक आहे, आणि ते पाडणारा वर त्यालाच सांगतो की नशीब तुझं फुटकं.

अशा माझ्या नशिबी घरमालक कोण यावा? दर गुरुवारी मंगरूळपीरला जाऊन तिकीट आणणारा!

गुरुवारी सर सकाळीच जीपच्या थांब्यावर. एसटी स्टँडजवळ एक तिकीटवाला टेबल मांडून बसायचा, डोक्यावर दोरीला तिकिटं टांगलेली. लोक तिथे उभे राहून नंबर निवडतात, आकड्यांची बेरीज करतात, पोराची जन्मतारीख शोधतात. सर म्हणायचे, "कोनीच घेत नाही ते द्या." मग कोपरा मुडपलेलं, चहाचा डाग पडलेलं एखादं तिकीट त्यांच्या वाट्याला यायचं. ते सरळ करून चित्रकलेच्या वहीत ठेवायचे आणि तिकडून येताना भेंडीवाल्या बाईशी भावावरून भांडायचे.

"सर, भेंडीत घासाघीस करता आणि तिकिटात नाही?" मी एकदा विचारलं.

"भेंडी मी खानार हाय पोरी," ते म्हणाले. "तिकीट काही खाता येत नाही. मंग त्याचा भाव कायले करायचा?"

सोडतीच्या दिवशी त्यांचा थाट पाहण्यासारखा. आंघोळ, दाढी, इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना खोबरेल. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कुठे लग्नाला निघाले.

"हराले चाललो," सर म्हणाले. "हराले जाताना मानसानं नीट जावं. जिंकनारा कसाबी गेला तरी लोकं हार घालतात."

निकाल पाहून झाला की मोठा श्वास सोडायचे आणि म्हणायचे, "वाचलो!" शप्पथ घेऊन सांगते, हे नाटक नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर सुटका दिसायची. बक्षीस लागलं असतं तर अकोल्याचा मुलगा आणि पुतणे एकमेकांचं तोंड पाहणार नव्हते, देवळाची कमिटी कळस मागायला येणार होती, शाळा कमान मागायला, आणि ज्यांनी त्यांच्या बायकोच्या आजारपणात दार उघडलं नव्हतं तेही पेढे मागायला. "हे सारं टळलं. आठवडाभर भेव, अन् एका दिवशी सुटका. एवढ्या पैशात एवढी सुटका तुहं सरकार तरी देते काय?"

मी चिडायचे. मी म्हणायचे, तिकीटच घेऊ नका, भीतीच राहणार नाही. ते म्हणायचे, मग सुटकाही राहणार नाही. या वादाला शेवट नव्हता. मी त्यांना तिकिटापासून सोडवू शकले नाही, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे शेवटी त्यांचं हृदयपरिवर्तन होईल म्हणून कोणी वाट पाहत बसू नये.

आमच्या लॉटरीविरोधी पत्रकाच्या छपाईला पहिली वर्गणी कोणाची होती, सांगू? सरांची. वर त्यांनी पत्रकावर जुगाराच्या फाशाचं चित्र काढून दिलं, इतकं सुबक की लोक चित्र पाहायलाच पत्रक घ्यायचे. मग एका गुरुवारी ते पत्रक घेऊन गेले आणि तिकीटवाल्याच्या टेबलालाच चिकटवून आले. पुढच्या वेळी मी स्टँडवर गेले तर तो माणूस हात जोडून म्हणाला, "ताई, अजून पाच-दहा देऊन ठेवा. लोकं वाचाले थांबतात, अन् थांबले की एखादं तिकीट घेतातच." मी ते पत्रक टरकावून काढलं. सर जीपमध्ये बसून हसत होते.

तर अशा माणसाला मी त्या पेरणीच्या दिवशी, घरी आल्याबरोबर, चपलाही न काढता विचारलं, "सर, तुमची बायको वारली आहे ना?"

त्यांच्या हातात चहाचा कप होता. "हो. काहून?"

"मग तुमच्या हातचा नारळ कसा चालतो? सुनंदाचा नवरा मेला तर तिची मूठ चालत नाही. तुमची बायको मेली तर तुमचा नारळ चालतो. हा कुठला हिशोब?"

मला वाटलं, ते काहीतरी तिरकं बोलतील. ते चहा तसाच ठेवून ओट्यावर जाऊन बसले. जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत. संध्याकाळी माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "एवढे नारळ फोडले पोरी. हे मले आजवर कोनं विचारलं नाही. अन् माह्या मनातबी आलं नाही."

मी त्यांना आमच्या मंडळाच्या सभेत बोलायला सांगितलं. ते नको म्हणाले. "सभेले तेच येतात ज्यायले पयलेच पटलेलं हाय. अन् हे पाह्य, हात मांगं घ्या हे तिच्या दिरानं म्हटलं, पन ते पाठ कोनं केलं? बायायनं. बायायले विचारा लागन."

पावसाळा गेला, सोयाबीन निघालं, तूर उभी होती. मला वाटलं सर विसरले.

संक्रांत आली. आमच्याकडे रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू चालतं. गल्लीत निरोप फिरला की यंदा लॉटरी सरांच्या घरी हळदीकुंकू आहे. बाया हसायला लागल्या. बिनबायकोच्या घरी हळदीकुंकू! कुंकू लावणार कोण? सर दारोदार जाऊन सांगत होते, "कुंकू तुमचं तुमी लावा. मी वान देतो. अन् असं वान गावात कोनं देल्लं नसन." सुनंदाच्याही दारात गेले. ती म्हणाली, "सर, मले हळदीकुंकवाले बलावतात काय?" सर म्हणाले, "बाप्या मानूस हळदीकुंकू करते काय? आज सारंच उलटं हाय. ये."

बाया आल्या. कुतूहलानं का होईना, आल्या. अंगणात सतरंजी, ताटात तिळगूळ, आणि मधोमध पितळी परातीत वाण म्हणून लॉटरीची तिकिटं, उलटी पसरलेली. मी खोलीतून बाहेर आले आणि जागच्या जागी थिजले. ज्या घरातून मी लॉटरीविरुद्ध पत्रकं वाटते, त्याच घरात लॉटरी वाण म्हणून! आणि तिळगुळाच्या पुड्या? आमच्याच पत्रकांच्या. फासा वर ठेवून बांधलेल्या.

"सर, हे काय आहे?"

"थांब वं जराशी," ते म्हणाले आणि बायांकडे वळले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना खोबरेल. "मायहो, या गावात असं मानतात की काही हातायमंदी लक्ष्मी असते. त्या हातानं मूठ टाकली तर पिकते, दुसऱ्या हातानं टाकली तर बुडते. पेरणीचं खरंखोटं कराले चार महिने लागतात, अन् मधात पानी हाय, खत हाय, अळी हाय. कोनाच्या हातानं काय झालं, समजत नाही. पन लॉटरीत हाताबिगर काहीच नसते. ना पानी, ना खत. म्हनून ज्या हातात लक्ष्मी हाय, त्या हातानं आज तिकीट उचला. एकाबी हाताले लागलं, तर मी भर गावात कबूल करतो का हातात लक्ष्मी असते. अन् सुनंदाच्या मुठीचं नाव पुन्हा काढत नाही."

आणि कुंपणापलीकडून सुनंदाच्या दिराचा आवाज आला, "बोलले हां सर! साऱ्यायनं ऐकलं!"

माझ्या अंगाची आग झाली. मी काही बोलणार, त्याआधी सुनंदा उठली. कोपऱ्यात बसलेली ती बाई सरांसमोर येऊन उभी राहिली.

"सर, हात माहा, वावर माहं. तुमी कोन बोली लावनारे?"

सर पहिल्यांदाच अडखळले. "माह्या मनात तसं..."

"तुमच्या मनात काहीबी असो. मले विचारलं काय?" मग तिनं कुंपणाकडे पाहिलं. "भाऊजी, तुमीबी ऐका. तिकीट मी उचलतो, सारे उचलनार म्हनून. मले लागलं काय, न लागलं काय, कोनाले लागलं काय, येत्या पेरणीले मूठ माहीच ऱ्हाईन. हे सरायची बोली म्हनून नाही, मी सांगतो म्हनून."

तिनं परातीतून एक तिकीट उचललं आणि परत जागेवर जाऊन बसली. मग गोदामायनं उचललं. मग एकेक करत सगळ्यांनी, आणि खिदळतच. आपला हात खरंच लक्ष्मीचा आहे का, हे पाहायचा मोह कोणाला नसतो?

बाया गेल्यावर मी सरांवर तुटून पडले. हक्काची गोष्ट पैजेवर लावता? उद्या मतदानाचा हक्कही चिठ्ठ्या टाकून द्याल! ते ऐकत होते, मान हलवत होते, चूक कबूल करत होते. "पन लागनार नाही ना पोरी. मी एवढे वर्स घेऊन राह्यलो. कधी लागलं?"

"तुम्ही एक तिकीट घेत होता, सर," मी म्हटलं. "आज परातभर वाटली. पहिलं बक्षीस लागणार नाही, मान्य. पण शेवटचे चार आकडे जुळले तरी छोटं बक्षीस मिळतं. तुमच्या तिकिटामागेच छापलंय. छोटं म्हणून लोक सोडतील? कोणाला थोडे रुपये जरी लागले तरी गाव म्हणेल, पाहा, लक्ष्मी! आणि सुनंदानं मग कितीही ठासून सांगितलं तरी तिच्यामागे एक बाई उभी राहणार नाही."

सरांनी वहीतून आपलं एक तिकीट काढलं, उलटं केलं, चष्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचलं. एवढी वर्षं तिकीट घेणाऱ्या माणसानं तिकिटाची मागची बाजू त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. वाचून झाल्यावर त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"अरे बापा," ते म्हणाले. "हे मी काय करून बसलो."

सोडतीला काही दिवस होते. त्या दिवसांत मी एक चमत्कार पाहिला. लॉटरी लागू नये म्हणून, एरवी देवळाची पायरी न चढणारे आमचे घरमालक सकाळ-संध्याकाळ देवळात जायला लागले. मंगरूळपीरला गेले तर दर्ग्यावरही जाऊन आले. पुजाऱ्यानं विचारलं, "काय मागता सर, पयलं बक्षीस?" सर म्हणाले, "काहीच नको मागतो. जरा जोर लावून नको मागतो." जेवण कमी झालं. भेंडीवाली म्हणेल तो भाव द्यायला लागले. गल्लीत वेगळंच वारं. ज्या बायांनी जन्मात लॉटरीचं नाव काढलं नव्हतं त्या पाटावर बसून आकडे पाठ करत होत्या. एकीनं तिकीट देवापुढे ठेवलं, एकीनं धान्याच्या कोठीत. एक तर मला विचारायला आली की लागलं तर पैसे नवऱ्याच्या खात्यात जातात की आपल्या. मी कपाळावर हात मारला. माझी सगळी मोहीम एका परातीत बुडाली होती.

निकालाच्या दिवशी सरांचं अंगण पुन्हा भरलं. पुरुषही आले होते, दीर सगळ्यांत पुढे. निकाल माझ्या फोनवर होता. सरांनी तो माझ्याकडून घेतला, पण चष्मा लावलाच नाही. त्यांनी फोन सुनंदाकडे दिला. "तू वाच. तू बारावी शिकलेली हायस."

सुनंदानं फोन घेतला. एकेकीचं तिकीट हातात घेऊन ती शांतपणे आकडे वाचायची, फोनवर पाहायची आणि सांगायची, "नाही." तिकीट परत द्यायची. "नाही." पुढची. "नाही." प्रत्येक नाहीला सरांचे खांदे थोडे खाली यायचे. त्या बाया हिरमुसत होत्या आणि सर सैलावत होते.

गोदामाय आली. सुनंदानं शेवटचे चार आकडे वाचले. पहिला जुळला. दुसरा जुळला. तिसरा जुळला, आणि अंगणात कोणीतरी श्वास आत ओढला. दीर टाचा उंचावून उभा राहिला. सरांनी डोळे मिटले. मी, जिला लॉटरीत कणभर विश्वास नाही, मी माझ्या ओढणीचं टोक दातात धरलं होतं.

"नाही," सुनंदा म्हणाली. "शेवटचा सात पाह्यजे. मायचा आठ हाय."

तिनं गोदामायला फोन दाखवला. मायला आकडे वाचता येत होते. तिनं पाहिलं, मान हलवली.

उरलेली तिकिटंही गेली. शेवटी सुनंदाचं स्वतःचं. त्यातला एकही आकडा जुळला नाही. तिनं तेही त्याच आवाजात वाचलं, "नाही," आणि फोन मला परत दिला.

सर ओट्यावर जाऊन बसले. "वाचलो," ते पुटपुटले. दरवेळेसारखंच, पण या वेळी आवाज ओला होता. मलाही एकदम भूक लागली, इतके दिवस लागली नव्हती अशी.

पण दीर ऐकणाऱ्यातला नव्हता. "एका आकड्यानं हुकलं! म्हंजे हात चांगलाच हाय मायचा. सुनंदावहिनीचा एकबी जुळला नाही, हे पाह्यलं काय कोनं?"

हेच ते! लॉटरीचा सगळा धंदा या 'एका आकड्यानं हुकलं'वर चालतो. माणूस हुकलेल्याला मिळालेल्याचा भाऊ समजतो आणि पुन्हा तिकीट घेतो. मी भाषणाला तोंड उघडलं, पण गोदामाय आधी बोलली.

"हुकलेल्या घासानं पोट भरते काय रे?" ती दिराला म्हणाली. "तुह्या बापाच्या पेरणीले मूठ मीच टाकली होती. दुबार पेरा लागली ना? तेव्हा कोनं म्हटलं नाही का मायचा हात खराब. म्हने पानी दगा देल्ला. अन् या पोरीनं मूठ टाकली असती अन् दुबार आली असती, तर?"

दीर चप्पल शोधायला लागला.

"तर तुमी तिले गावात ऱ्हाऊ देल्लं नसतं," गोदामाय म्हणाली. तिकिटाचा बोळा करून तिनं सरांच्या परातीत टाकला आणि तिळगुळाची उरलेली पुडी घेऊन घरी गेली.

पुढच्या पेरणीला सर वावरात आले ते रिकाम्या हातानं. दिरानं नारळ पुढे केला. सर म्हणाले, "माहा हात चालत नाही. मी बिनबायकोचा."

"असं कसं सर, तुमीच तर दरवर्षी..."

"म्हनूनच. दरवर्षी कोनं सांगितलं नाही. यंदा मी सोताच सांगून राह्यलो. तिचा चालत असन तर माहाबी चालन."

दीर चिडला. ट्रॅक्टरचं भाडं चढत होतं. त्यानं गोदामायला हाक मारली, "माय, तुमी या, मूठ टाका अन् सुरू करू." गोदामाय बांधावर बसली होती. सकाळी तिनं त्याच हातानं पाण्याची घागर भरून आणली होती, मी स्वतः पाहिलं होतं. ती खांदा धरून म्हणाली, "माहा हात दुखून राह्यला रे. वर जात नाही. सुनंदाले सांग." मग तिच्या शेजारच्या बाईकडे दिरानं पाहिलं. तिचाही हात दुखत होता. तिच्यापलीकडचीचाही. गावातले सगळे लक्ष्मीचे हात त्या सकाळी एकाच वेळी दुखायला लागले होते.

दिरानं एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा ट्रॅक्टरवाल्याकडे. "टाका मंग वहिनी," तो म्हणाला, तोंड दुसरीकडे करून.

सुनंदानं मूठ भरली. टाकली. दाणे पेटीत पडल्याचा आवाज झाला, बस. काही झालं नाही. ढग फाटले नाहीत, ट्रॅक्टर बंद पडला नाही. ट्रॅक्टरवाल्यानं गिअर टाकला आणि मातीत पहिलं तास पडायला लागलं. सरांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, तेही बराच वेळ.

रोपं वर येईपर्यंत सर रोज त्या वावराच्या बांधाला चक्कर मारायचे. "आता ही खरी सोडत हाय," म्हणायचे. मी त्यांना झापायचे: रोपं आली तर बियाणं तपासलेलं होतं म्हणून येतील, नाही आली तर पावसानं ओढ दिली म्हणून, तिच्या मुठीचा संबंध रोपं आली तरी नाही आणि नाही आली तरी नाही. ते म्हणायचे, बरोबर आहे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. एका सकाळी ओरडतच आले, "निंगालं! निंगालं पोरी! दोन पानावर हाय!" मी झापायचं विसरले. मीही पळत बघायला गेले. सुनंदा तण काढायच्या डवऱ्याची सोय पाहत होती. आम्हाला धापा टाकताना पाहून म्हणाली, "काय झालं? कोन मेलं?"

आता सर अकोल्याला मुलाकडे असतात. तिथेही दर आठवड्याला तिकीट घेतात, हे मला पक्कं माहीत आहे, कारण हरल्यावर फोन करतात. "वाचलो पोरी," म्हणतात. मी त्यांना सांगते, पैसे फुकट घालवता. ते म्हणतात, हो. आम्हा दोघांना बरं वाटतं.

लॉटरीबद्दल कोणी माझं मत विचारेल, म्हणून पुन्हा एकदा: नका घेऊ. ज्यांचं हरणं मला माहीत आहे त्यांत सर हा एकटाच माणूस, ज्याच्या हरण्यानं कोणाचं तरी भलं झालं. आणि तेही सुनंदा खमकी निघाली म्हणून, आणि गोदामायचा खांदा ऐन वेळी दुखला म्हणून. नाहीतर एका आकड्यावर एका बाईचं आयुष्य टांगून सर मोकळे झाले असते, आणि मी त्यांना कधी माफ केलं नसतं.

राहिला प्रश्न तुमचा. तुमच्या घरात, भावकीत, गल्लीत एक तरी बाई अशी आहे जी पेरणीला मागे उभी असते, वास्तुशांतीला स्वयंपाकघरात असते, लेकीच्या लग्नात खांबाआड असते. तिला कोणी 'हात मागे घे' म्हणत नाही, कारण तिनं तो पुढे करणंच सोडलं आहे. तिचं नाव तुम्हाला आत्ता, हे वाचताना आठवलं आहे. येत्या पेरणीला तिच्या दारात जा. स्वतः जा, निरोप पाठवू नका. तिला पुढे उभं करा, मूठ तिच्या हातात द्या, आणि कोणी तोंड उघडलं तर तुम्ही उत्तर द्या, तिला द्यायला लावू नका.